सोयरे आणि आश्रित

पेशवेपद भट घराण्यात वंशपरंपरेने कसे स्थिरावले, याची दोन उत्तरे आपल्याकडे सहज दिली जातात. कुणी पराक्रमाकडे बोट दाखवतो, कुणी जातीकडे. १७४० सालच्या एका प्रसंगापुढे ही दोन्ही उत्तरे अपुरी पडतात.

त्या वर्षी २८ एप्रिलला रावेरखेडीस पहिला बाजीराव वारला. थोरला मुलगा नानासाहेब अवघा १९ वर्षांचा; त्याच्या नावावर पराक्रम असा जमा नव्हता. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी शाहू महाराजांपुढे बारामतीकर बाबूजी नाईकांचे नाव ठेवले. बाबूजी मोठे सावकार. बाजीराव त्यांचा ऋणको. शिवाय बाजीरावाची बहीण भिऊबाई बाबूजींचे बंधू आबाजी यांस दिलेली. प्रतिस्पर्धी परका नव्हता. तो ब्राह्मण होता आणि सोयराही होता.

मग नानासाहेबाच्या पाठीशी कोण उभे राहिले? त्यासाठी त्याच्या आजोबांपर्यंत मागे जावे लागते. बाळाजी विश्वनाथ कोकणातून देशावर आला तेव्हा सोबत भानू बंधू होते. सासवडच्या पुरंदऱ्यांनी त्यास आधार दिला. धनाजी जाधवांच्या पदरी कारकुनी करून तो वर चढला आणि १७१३ मध्ये पेशवा झाला. त्याच्याबरोबर ही घराणीही वर आली. भानूंकडे फडणिशी गेली, पुरंदऱ्यांकडे मुतालकी. १७४० मध्ये नाईकांनी कर्जाचा तगादा लावला, तेव्हा महादजीपंत पुरंदऱ्यांनी आपली पत पणास लावून नव्या धन्यास त्यातून सोडविले.

सोयरा उलटला, आश्रित टिकला. यात नवल नाही. नाईकांची सावकारी पेशव्यावाचूनही चालली असती. पुरंदऱ्यांचे वैभव पेशव्याबरोबरच बुडाले असते. घराणी उभी राहिली ती रक्तापेक्षा अशा गुंतलेल्या हितसंबंधांवर.

तरीही अखेरचा शब्द छत्रपतींचा होता. शाहूंनी वस्त्रे दिली म्हणून नानासाहेब पेशवा झाला. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू निवर्तले आणि पुढल्याच वर्षी सांगोल्याच्या कराराने कारभाराची सूत्रे पुण्यास गेली. राजाने वाढविलेल्या घराण्याला आता राजाची गरज उरली ती एवढ्यापुरतीच: पेशवाईची वस्त्रे पुढेही साताऱ्याहूनच येत राहिली.