विरहाची गझल समजून घेताना

प्रेमभंगाची कविता हाती आली की कोण कोणास सोडून गेले आणि का, ही कथा वाचक साहजिकच शोधू लागतो. गझलेच्या बाबतीत मात्र ही अपेक्षा दिशाभूल करते. गझलेतील प्रत्येक शेर ही दोन ओळींची स्वयंपूर्ण कविता असते. एका शेरात तक्रार, पुढच्यात आठवण, तर तिसऱ्यात स्वतःचाच उपहास येऊ शकतो. या शेरांना एकत्र बांधतात वृत्त, काफिया म्हणजे यमक आणि त्यानंतर जसाच्या तसा येणारा शब्द वा शब्दसमूह, म्हणजेच रदीफ.

विरहाच्या गझलेत रदीफ विशेष अर्थपूर्ण ठरतो. विचार कोठेही गेला तरी अखेर त्याच शब्दावर परततो. दुःखी मनाची रीतही अशीच असते.

माधव जूलियन (१८९४-१९३९) यांच्या ‘गज्जलांजलि’ (१९३३) या संग्रहाने हा काव्यप्रकार मराठीत रुजविण्यास मोठा हातभार लावला. त्यांच्या अनेक गझला एकाच भावनेचा धागा धरून चालतात. पुढे सुरेश भट (१९३२-२००३) यांनी शेराच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरला आणि ‘गझलेची बाराखडी’तून नवोदितांसाठी नियम सांगितले.

गझलेतील ‘तू’ प्रत्येक वेळी प्रेयसीच असते असे नाही. तो ईश्वर, नियती वा समाजही असू शकतो. म्हणूनच कवीच्या चरित्रात ती व्यक्ती शोधण्यापूर्वी, पहिल्या ओळीने जागविलेली अपेक्षा दुसरी ओळ कशी पूर्ण करते किंवा मोडते, हे पाहावे. शेरातील वेदना बहुधा त्या कलाटणीतच असते.