तळघरातली पेटी

विचारांनाही माणसांसारखे म्हातारपण येते काय? हा प्रश्न मनात आला, की मला जर्मनीतील एका संस्थेची हकीकत आठवते.

१९२३ साली फेलिक्स वाइल या तरुणाने फ्रँकफुर्ट येथे समाजसंशोधनाची एक संस्था उभी केली. पैसा वडिलांचा; त्यांनी तो अर्जेंटिनात धान्याच्या व्यापारात मिळवलेला. व्यापाऱ्याच्या पैशातून भांडवलशाहीची चिकित्सा व्हावी, ही इतिहासाची गंमतच! पुढे मॅक्स होर्कहायमर तिचे प्रमुख झाले. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने संस्थेला टाळे ठोकले. मंडळी जिनीव्हामार्गे न्यूयॉर्कला पोहोचली. १९३४ साली त्यांना कोलंबिया विद्यापीठाने आसरा दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेच हे विद्यापीठ. १९३७ मध्ये होर्कहायमरांनी आपल्या विचाराला ‘चिकित्सक सिद्धान्त’ असे नाव दिले. समाज कसा आहे एवढे सांगून विद्वानाने थांबू नये, तो कोणाच्या दुःखावर उभा आहे हेही विचारावे, हा त्याचा गाभा.

युद्ध संपले. १९५१ मध्ये संस्था फ्रँकफुर्टला पुन्हा उघडली. होर्कहायमर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. मानाची खुर्ची मिळाली, तशी वाणी मवाळ झाली. संस्थेच्या नियतकालिकाचे जुने, जहाल अंक तळघरातल्या एका पेटीत बंद होते. ते तरुणांच्या हाती पडतील, याची होर्कहायमरांना धास्ती वाटे, अशी आठवण त्या वेळी संस्थेत असलेल्या युर्गेन हाबरमास यांनी सांगितली आहे. मला मात्र त्यांना दोष देववत नाही. ज्याला एकदा घरदार सोडून पळावे लागले, त्याला स्थैर्याची ओढ का नसावी?

पण विचार पेटीत राहतात थोडेच! साठीच्या दशकात विद्यार्थ्यांनी त्या लेखांच्या चोरट्या आवृत्त्या काढल्या. ३१ जानेवारी १९६९ रोजी ते संस्थेतच शिरले. होर्कहायमरांचे जिवलग सहकारी आणि तेव्हाचे प्रमुख थिओडोर आडोर्नो यांनी पोलिसांना बोलावले. ७६ विद्यार्थ्यांना अटक झाली. त्याच ऑगस्टमध्ये आडोर्नो वारले.

तरीही या खोडाला पालवी फुटली. पैसा आणि सत्ता यांच्या दडपणावाचून होणारा माणसामाणसांतला संवाद हाच चिकित्सेचा आधार, असे हाबरमास यांनी १९८१ च्या ग्रंथात मांडले. १९९२ मध्ये आक्सेल होनेथ आणखी पुढे गेले: अवमानित माणसाच्या मनातली सल हीच सामाजिक लढ्याची सुरुवात. हे आपल्याला नवे वाटू नये. महाडच्या चवदार तळ्याने ते १९२७ सालीच सांगून ठेवले आहे.

मला वाटते, स्वतःचेच जुने प्रश्न अडचणीचे वाटू लागले, की चिकित्सा म्हातारी होते. सोसणाऱ्याचे ऐकू लागली, की पुन्हा तरुण होते. वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पेट्या आपण उघडतोच. मनातलीही एखादी उघडून पाहायला काय हरकत आहे?