दोरावांचून गाणें

शिडाच्या जहाजावरील खलाशांची ‘शँटी’ मुळीं ऐकण्यासाठीं नव्हतीच. एकानें चरण म्हणावयाचा, इतरांनीं ध्रुपद उचलावयाचें, आणि ध्रुपदांतील ठराविक शब्दावर सर्वांनीं मिळून शिडाचा दोर ओढावयाचा. वाफेचीं यंत्रें आलीं आणि गाण्याचें काम संपलें.

स्टॅन ह्यूगिल (१९०६–१९९२) हे ‘गार्थपूल’ जहाजावर चरण म्हणत. तें जहाज १९२९ सालीं केप व्हर्द बेटांपाशीं फुटलें. पुढें १९६१ सालीं त्यांनीं या गीतांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, आणि उतारवयांत ते उत्सवांतून तीं गाऊं लागले. पोलंडांतील क्राकूव्ह शहर समुद्रापासून शेंकडों मैल दूर. पण तेथेंही १९८१ पासून शँटींचा उत्सव आहे!

व्यासपीठावर दोर नसतो. गायक चाल जलद घेतात, सूर सजवितात. आणि दम घेण्यासाठीं असलेली मूळची जागा नाहींशी होते. दोष त्यांचा नव्हे. श्रोत्यांच्या हातांना ओझें नसतें. अमेरिकेंतील मिस्टिक येथील सागरी संग्रहालयानें मात्र जुन्या जहाजांवर प्रत्यक्ष शीड चढवितांना हीं गीतें म्हणण्याचा प्रघात पाडला. भिजलेलें शीड जड असलें कीं ध्रुपदाला थांबावेंच लागतें.