बीडची दीड लाख माणसे

1891 च्या जनगणनेत निजामाच्या राज्यातल्या बीड जिल्ह्यात सुमारे 6 लाख 43 हजार माणसे मोजली गेली. 1 मार्च 1901 ला भरली ती 4 लाख 92 हजार. मधे 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ येऊन गेले होते. माल्थसने 1798 मध्ये मांडलेले सूत्र इथे चपखल बसते असे वाटते: खाणारी तोंडे वाढली, जमीन तेवढीच राहिली, उपासमारीने आणि साथींनी हिशेब जुळवला. हरणांच्या कळपाला हे सूत्र बरेचसे लागू पडेल. पण बीडमध्ये जमीन हीच मर्यादा असती, तर त्याच बालाघाटावर, त्याच पर्जन्यछायेत, हद्दी थोड्याफार बदलल्या तरी, 2011 मध्ये 25 लाख 85 हजार माणसे कशी राहिली?

यावर धरणे आणि संकरित ज्वारी असे उत्तर दिले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे, आणि ते अपुरे का हे 1972 च्या दुष्काळाने दाखवले. माजलगाव धरणाचे पाणी तेव्हा यायचे होते. खरीप गेला, रब्बी गेली, विहिरी आटल्या. तरी 1971 ते 1981 या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या घटली नाही, दोन लाखांच्या आसपास वाढली. लोक खडी फोडत होते, पाझर तलावांची माती उपसत होते, मजुरीवर परदेशातून आलेला मिलो विकत घेत होते, सुकडी खात होते. मे 1973 मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते. पिकाने दगा दिला तरी हातात मजुरी होती आणि रस्त्याने धान्य पोहोचत होते. 1900 मध्ये धान्य आणायचे ते बैलगाडीने. बीड शहराला रेल्वे मिळाली ती 2025 मध्ये. म्हणून माझे म्हणणे असे, की इथल्या माणसांची संख्या पावसाने जेवढी ठरवली, त्याहून अधिक ती धान्य विकत घेण्याच्या ऐपतीने आणि ते पोहोचवणाऱ्या व्यवस्थेने ठरवली.

1901 ची सगळी तूट मृत्यूंची नव्हती, बरेच लोक गाव सोडून गेले होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे आणि माझ्या मुद्द्याला बळच देतो, कारण जगायला बाहेर पडण्याची ती वाट बंद झालेली नाही. आता ती दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. जिल्ह्याचा भार असा वर्षातले पाच-सहा महिने परक्या फडांवर वाहिला जातो. 2011 ची जनगणनाही 1 मार्च हाच दिवस धरून झाली, आणि तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपलेला नव्हता.