द्राक्षमळा की द्राक्षबाग?

आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू या चारही भाषा एकाच बाजारात कानी पडतात. जमीन बरीचशी काळी, पीक मुख्यतः कापसाचे. द्राक्षाचा वेल हे काही येथले नित्याचे दृश्य नव्हे. तरीही द्राक्षाच्या जमिनीला येथल्या तीन भाषांत तीन नावे तयार आहेत, आणि तिन्ही बायबलच्या अनुवादांत भेटतात : मराठीत ‘द्राक्षमळा’, तेलुगूत ‘द्राक्षतोट’, उर्दूत ‘ताकिस्तान’. (फारसीत ‘ताक’ म्हणजे द्राक्षवेल, मराठी वाचकाला भलत्याच पेयाची आठवण झाली तर तो दोष त्याचा नाही.)

आमचा प्रश्न मराठी शब्दापुरता आहे. नाशिक-सांगलीचा शेतकरी ‘द्राक्षमळा’ असे क्वचितच म्हणतो. तो बाग लावतो, एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी करतो, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो. त्याच्या राज्यव्यापी संघटनेच्या नावातही ‘द्राक्ष बागाईतदार’ हाच शब्द आहे. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची जमीन : भाजीचा मळा, उसाचा मळा. त्यातले पीक निघते आणि दुसरे येते. बाग एकदा लावली की दहा-पंधरा वर्षे तिथेच उभी. अनुवादकाच्या बाजूनेही एक साक्षीदार आहे, तो ‘पानमळा’. शेवरी-पांगाऱ्यावर चढवलेली नागवेल हाही वेलच, तोही वर्षानुवर्षे राखायचा, आणि त्याला आपण मळाच म्हणतो. तेव्हा ‘द्राक्षमळा’ हा शब्द चुकीचा नाही. पण तो जिथे सर्वांत महत्त्वाच्या जागी आला आहे, तिथे अर्थाची हानी होते असे आम्हांस वाटते.

ती जागा म्हणजे राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकविसावा अध्याय. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाची द्राक्षांची जमीन आहे. राजाला ती भाजीपाल्यासाठी हवी. बदल्यात तो अधिक चांगली जमीन देऊ करतो, नाहीतर रोख किंमत. नाबोथ नकार देतो, कारण जमीन वाडवडिलांची आहे. मराठी अनुवादाने येथे ‘वतन’ हा आपल्या गावगाड्यातला भारदस्त शब्द योजला, तो अगदी चपखल. पण द्राक्षमळ्याचा भाजीचा मळा करायचा म्हटले, की मराठी कानाला त्यात मोठा फरक जाणवत नाही. मळ्याचा मळाच राहतो. ‘बाग मोडून मळा करायचा’ असे म्हणून पाहावे. पिढ्यांनी राखलेले वेल उपटायचे आहेत, हे लगेच ध्यानात येते. तेलुगूला ही अडचण सोडवण्याची सोयच नाही, कारण तिथे आंब्याचीही तोट आणि भाजीचीही तोट. मराठीजवळ दोन शब्द होते.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात महसुलासाठी जमिनीचे खुश्की, तरी आणि बागात असे वर्ग होते : कोरडवाहू, पाण्याखालची भाताची, आणि बागायती. नावावरून आकार ठरे. जमीन कसणारा तिला काय म्हणतो आणि दप्तर काय म्हणते, यांत अंतर पडले की दप्तराचा शब्द चाले.

याचा कठोर अनुभव याच जिल्ह्याने घेतला. डोंगराळ भागात गोंड कुटुंबे जी जमीन साफ करून पेरीत, ती शेती आहे असे ती म्हणत. राखीव सीमा आखणाऱ्या खात्याच्या लेखी ते जंगल होते. ती जमीन सोडा म्हटल्यावर कुमरम भीम आणि त्याचे सोबती अडून बसले, आणि 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी भीम मारला गेला. अहाबाने निदान मोबदला पुढे केला होता. आणि नाबोथाची जमीन कोणाची, याविषयी खुद्द राजालाही शंका नव्हती.

पुढे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना संस्थानाने या भागात पाठविले, आणि 1940च्या दशकातच गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचे काम सुरू झाले. नाबोथाच्या कथेत पट्टा नाही. तिथे खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार केले जाते, आणि राजा जमिनीचा ताबा घ्यायला स्वतः खाली उतरतो.