हंगामी : सातारा–सांगली परिसरातील रुग्णसेवा आणि तात्पुरत्या नेमणुकांचा इतिहास

रुग्णालयातील मनुष्यबळाचा प्रश्न आज प्रशासनशास्त्राचा विषय समजला जातो. किती माणसे कायम नेमावीत, किती तात्पुरती घ्यावीत, आणि ती थेट घ्यावीत की पुरवठादार संस्थेमार्फत, याचा निर्णय आर्थिक हिशेबावर सोपविला जातो. परंतु या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो ज्या शब्दांतून व्यक्त होत आला त्या शब्दांनाही आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मर्यादेत हा दुहेरी इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. हे दोन जिल्हे एकत्र घेण्याचे कारण उघड आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० च्या नोव्हेंबरात त्यास सांगली हे नाव मिळाले.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत तात्पुरत्या चाकरीची परिभाषा बहुतांशी परकी आहे. कंत्राट हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मक्ता, मुकादम आणि बदली हे अरबी मुळाचे. उमेदवार आणि हंगाम हे फारसी. यांपैकी उमेदवार म्हणजे मूळ अर्थाने आशेवर असलेला मनुष्य. हंगाम म्हणजे वेळ, ऋतू. अर्थात हंगामी हे विशेषण मूलतः कामाचे आहे : जे काम विशिष्ट ऋतूत निघते आणि त्या ऋतूबरोबर संपते ते हंगामी. पुढे ते विशेषण पदाला आणि व्यक्तीलाही लागू लागले. १९४६ साली दिल्लीत स्थापन झालेल्या सरकारला मराठी वृत्तपत्रांनी हंगामी सरकार म्हटले, तेव्हा त्यात ऋतूचा काही संबंध उरला नव्हता. काम चालूच राहणार होते, फक्त ते करणारे तात्पुरते होते. हे अर्थांतर केवळ कोशकारांच्या आस्थेचा विषय नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीस आला आणि पुढील दीड-दोन वर्षांत तो सातारा जिल्ह्यात पसरला. दख्खनमध्ये ही साथ पावसाळ्याच्या अखेरीस वाढे आणि कडक उन्हाळ्यात ओसरे. म्हणजे रोगच हंगामी होता. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. तपासणी नाके, विलगीकरणाच्या छावण्या, तात्पुरती इस्पितळे, लस टोचणारी पथके यांसाठी माणसे लागली. नेहमीचे वैद्यकीय खाते त्यास पुरेसे नव्हते. म्हणून डॉक्टर आणि परिचारिका ठराविक मुदतीच्या करारावर विलायतेहूनही आणविण्यात आल्या. पहारेकरी, भंगी, मजूर स्थानिक पातळीवर रोजाने लावण्यात आले. या व्यवस्थेतील जुलूम आणि लोकांचा रोष हा स्वतंत्र विषय आहे. येथे नमूद करावयाचे ते इतकेच की काम आणि माणूस या दोहोंची मुदत तेव्हा एकच होती. साथ ओसरली की छावणी मोडे आणि नेमणूक संपे.

नेमक्या याच काळात मिरजेस त्याच गरजेचे निराळे उत्तर शोधले जात होते. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांचे मिरजेतील रुग्णालय उभे राहिले. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानी गावात शिकलेल्या परिचारिका आयत्या मिळणे शक्य नव्हते, आणि मुंबईहून आणविलेली माणसे टिकण्याची शाश्वती नव्हती. तेव्हा रुग्णालयाने आपली माणसे आपणच घडविण्याचा मार्ग धरला. १८९७ साली परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले आणि १९०७ साली वैद्यकीय शाळा निघाली. एकाच वर्षी, एकाच टापूत, मनुष्यबळाच्या टंचाईला दोन उत्तरे मिळाली : सरकारने माणसे मुदतीवर आणली, मिरजेने ती तयार केली. पहिले उत्तर साथीला योग्य होते, दुसरे बारमाही रुग्णसेवेला. या दोहोंतील भेद पुढे पुसट होत गेला, हीच खरी अडचण होय.

मध्यस्थ संस्थेमार्फत परिचारिका मिळविण्याची कल्पनाही नवी नाही. १९०९ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांचा इलाखा-संघ स्थापन झाला. रुग्णालयांना परिचारिका मिळवून देणे हे त्याचे एक काम. परंतु त्यांच्या शिक्षणाचे मान ठरविणे, परीक्षा घेणे आणि नोंदणी करणे ही कामेही त्याच्याकडे होती. १९३५ च्या मुंबई कायद्याने नोंदणीचे काम वैधानिक परिषदेकडे गेले. आजचा मनुष्यबळ-पुरवठादार आणि हा संघ यांत मध्यस्थी समान आहे, जबाबदारी समान नाही. संघ माणसाच्या योग्यतेची हमी घेत असे. आजच्या कंत्राटात बहुधा संख्येची हमी असते : अमुक पाळीला अमुक माणसे हजर राहतील. तीच माणसे उद्या येतील की नाही, नव्या माणसास कक्षाची माहिती कोणी द्यावयाची, याविषयी कंत्राट मुके असते. रुग्णशुश्रूषेत पाळीबदलाच्या वेळी सांगितली जाणारी माहिती हाच सेवेचा धागा असतो. माणूस रोज बदलला तर तो धागा तुटतो आणि त्याची किंमत पुरवठादाराच्या बिलात कोठेही दिसत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात कायद्याने हा प्रश्न कामाच्या स्वरूपावरून सोडविण्याचा प्रयत्न केला. मुंबईच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यातील साफसफाईच्या कंत्राटाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली जो निर्णय दिला, त्यात ते काम कायम स्वरूपाचे आणि रोजच्या गरजेचे आहे, हा विचार निर्णायक ठरला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हीच कसोटी स्वीकारली. एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीस बंदी करताना ते काम बारमाही आहे काय, हे शासनाने पाहावे असे त्यात होते. कंत्राटदाराने वेतन थकविले तर ते मुख्य मालकाने द्यावे, ही तरतूदही त्यात होती. म्हणजे हंगामी या शब्दाचा मूळ अर्थ कायद्याने जपला होता. २०२० च्या संहितेने, जी २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली, ही कसोटी बदलली. आता प्रश्न काम बारमाही आहे काय हा नसून ते संस्थेच्या गाभ्याचे आहे काय, हा आहे. कामाचा व्याप अचानक वाढल्यास गाभ्याच्या कामातही कंत्राटास मुभा आहे. झाडलोट मात्र सामान्यतः गाभ्याबाहेर धरली आहे. ज्या रुग्णालयात जंतुसंसर्ग टाळणे हेच अर्धे उपचार असतात, तेथे झाडलोट गाभ्याबाहेर कशी, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवा.

दरम्यान व्यवहार कायद्याच्या पुढे गेला होता. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. अभियान या शब्दातच मुदत गृहीत आहे. म्हणून परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर घेतले गेले. त्यांना मिळते ते वेतन नव्हे, एकत्रित मानधन. आशा कार्यकर्तीस मिळतो तो मोबदला. एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात वेतन, मानधन आणि मोबदला असे तीन शब्द शेजारी शेजारी काम करतात. शब्द बदलला की हक्क बदलतो. अभियान मात्र संपले नाही, आणि २०२४ च्या मार्चमध्ये दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा निर्णय राज्यशासनास घ्यावा लागला. दहा वर्षे चाललेल्या कामास हंगाम म्हणता येत नाही, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय.

पुरवठादार संस्थांचा प्रवेशही याच काळातील. २०१४ साली राज्यात एकशे आठ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. ती चालविण्याचे काम ज्या खाजगी समूहाकडे गेले त्याचे संस्थापक मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. २०२३ च्या सप्टेंबरात नऊ संस्थांमार्फत शासकीय कार्यालयांना मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला आणि जनक्षोभामुळे पुढच्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. त्या निर्णयातील ‘बाह्ययंत्रणा’ हा शब्द लक्षणीय आहे. त्यात माणूस दिसत नाही, यंत्रणाच दिसते.

२०२० आणि २०२१ या वर्षांनी या साऱ्या प्रश्नाची परीक्षा घेतली. प्लेगच्या वेळेप्रमाणे खऱ्या अर्थाने हंगामी काम निर्माण झाले. पहिली लाट ओसरल्यावर राज्यात अनेक ठिकाणी तात्पुरती माणसे कमी करण्यात आली आणि २०२१ च्या मार्चनंतर पुन्हा शोधाशोध सुरू झाली. त्या वर्षीच्या जुलैत राज्यातील अन्य भाग सावरत असता सातारा, सांगली आणि कोल्हापूर येथील रुग्णसंख्या चढीच होती. अतिदक्षता कक्षात शिकून तयार झालेला मनुष्य सोडून देणे आणि चार महिन्यांनी नवा शिकवू लागणे, यात बचत कोणती?

या प्रश्नाचे उत्तर सातारा-सांगलीकरांस आपल्या शिवारातच सापडण्यासारखे आहे. कृष्णाकाठचे साखर कारखाने हंगामावर चालतात. ऊसतोडणी मुकादमामार्फत, उचल देऊन आणलेल्या टोळ्या करतात. तेथे मजुराचे नाते मुकादमाशी, कारखान्याशी नव्हे. परंतु त्याच कारखान्याच्या आत ‘हंगामी कायम’ नावाचा एक वर्ग आहे. गाळप बंद झाले की त्याचे काम थांबते. नाते थांबत नाही. बंद काळासाठी त्यास अंशतः रिटेन्शन भत्ता मिळतो आणि पुढील हंगामात कामावर परतण्याचा त्याचा हक्क असतो. हंगामी आणि कायम ही वरकरणी परस्परविरोधी विशेषणे कामगार चळवळीने एकत्र नांदविली. काम ऋतूचे, पण माणूस संस्थेचा, असा त्याचा अर्थ. रुग्णालयांनी आजवर तोडणीच्या टोळीचा नमुना उचलला. कारखान्याच्या आतील नमुना उचलला नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की तात्पुरती नेमणूक स्वतः दोषास्पद नाही. साथ, आपत्ती, प्रसूतिरजेवरील परिचारिकेची जागा ही खरोखर हंगामी कामे आहेत, आणि तेथे शिकलेल्या माणसांची राखीव यादी परतण्याच्या हक्कासह आणि अल्प भत्त्यासह ठेवणे हितावह ठरेल. दुसरा असा की जे काम वर्षाचे बाराही महिने, दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत चालते, तेथे हंगामी हा शब्द वापरणे म्हणजे कामाचे विशेषण माणसावर लादणे होय. शब्दाचे अर्थांतर भाषेच्या नियमाने होते असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. येथे ते नियमाने झाले नाही, सोयीने झाले आहे. ज्या आज्ञापत्रात हंगामी हा शब्द येतो, त्यात तो हंगाम कोणता आणि तो केव्हा संपणार, हे लिहिलेले असावे. लिहिता येत नसेल तर तो शब्दही तेथे नसावा.