घोरणे, गुदमरणे आणि ‘दोम नेशिमा’

‘घोरतो आहे म्हणजे गाढ झोप लागली आहे,’ असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. मुंबईच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा माणसे झोपत. घोरणाऱ्याला कोणीतरी कुशीवर वळवी आणि सकाळी चहाबरोबर त्याची थट्टा होई. घोरता घोरता मध्येच सारे शांत होते आणि मग तो गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेतो, हे सगळ्यांनी ऐकले. आजार मात्र कोणी मानला नाही. हिब्रूत याला ‘दोम नेशिमा’ म्हणतात. हृदय बंद पडण्याला आपण ‘दोम लेव’ म्हणतो, त्यातलाच हा दोम.

डॉक्टरही फार पुढे नव्हते. 1818 साली डब्लिनच्या जॉन चेन यांनी एका रोग्याचा श्वास सुमारे पाव मिनिट थांबतो, हळूहळू वाढत जोराचा होतो आणि पुन्हा मंदावत थांबतो, असे लिहून ठेवले. 1854 मध्ये त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्स यांनी तेच पाहिले, म्हणून या श्वासाला दोघांचे नाव मिळाले. दुर्बळ हृदयाच्या रोग्यांत तो आजही दिसतो. पण तिथे घसा बंद होत नाही, मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येईनासा होतो. घोरणाऱ्याचे दुखणे निराळे.

त्याचे वर्णन केले ते एका कादंबरीकाराने. चार्ल्स डिकन्स यांच्या 1836-37 च्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो. दार उघडेपर्यंत ठोठावतच राहा, अशी त्याला ताकीद असते, कारण हात थांबला की झोप लागायची! वाचक हसले. 1956 मध्ये अमेरिकेत एक लठ्ठ व्यापारी पत्ते खेळताना, हातात तीन एक्के आणि दोन राजे असताना झोपी गेला आणि त्यानंतर इस्पितळात दाखल झाला. डॉक्टर बरवेल आणि सहकाऱ्यांनी त्याच्या आजाराला पिकविकचेच नाव दिले. रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झोप येते, असा त्यांचा तर्क होता. रोग्याला त्यांनी दिवसा तपासले होते.

रात्रभर यंत्रे लावून पाहिले ते 1965 मध्ये, मार्सेय आणि फ्रायबुर्ग इथल्या दोन गटांनी, स्वतंत्रपणे. तेव्हा खरा प्रकार कळला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते, वाट बंद होते. छाती ओढत राहते, हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू क्षणभर जागा होतो, आणि रात्रीतून हे शेकडो वेळा होऊ शकते. सकाळी माणसाला काहीच आठवत नाही. डोके जड असते आणि दिवसा डुलक्या येतात.

पहिला उपाय भयंकर होता: गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवायची. 1981 मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मुखवटा बांधून सौम्य दाबाने हवा सोडली आणि पाच रोगी नीट झोपले. आजच्या मास्कचा उगम तिथे आहे.

इकडे हैफाच्या तेखनियोनमध्ये पेरेत्स लावी यांनी इस्रायलमधल्या सुमारे दीड हजार कारखाना-कामगारांच्या झोपेची पाहणी केली. 1983 मध्ये त्यांनी दाखवले की, धडधाकट समजल्या जाणाऱ्या या माणसांत शंभरात निदान एकाला हा विकार आहे. हे वाचताना आम्हाला दिमोनातल्या गिरण्यांत पाळ्या करणारे आपले लोक आठवतात. त्यांच्या डुलक्यांचे खापर रातपाळीवरच फुटले. कितीजणांच्या बाबतीत ते खरे होते, कोण सांगणार!

हा विकार रक्तदाब वाढवतो, हृदयाला शिणवतो. आणि आपल्या घरांत रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या काही कमी नाहीत. डॉक्टर अजूनही विचारतात, ‘रात्री शेजारी कोण झोपते?’ चाळीत साक्षीदार दहा होते. अश्दोद किंवा बेर शेवाच्या घरात एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचा श्वास थांबला तर ऐकणारे कोणी नाही. तेखनियोनच्याच संशोधनातून मनगटावर बांधायचे एक यंत्र निघाले आहे. बोटातल्या नाडीच्या बदलांवरून ते रात्रभराच्या श्वासाचा अंदाज घेते. घरच्या बिछान्यावरच तपासणी होते आणि शेजारी कोणी असावे लागत नाही.